पाळीवरची रेघ, कानापुढचं छिद्र आणि पांढरी बट

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. ऐकू किती येतं ते तपासणं आणि ज्याला गरज आहे त्याला मशीन बसवून देणं, हे माझं काम. मशीनचा मोल्ड, म्हणजे कानात नेमका बसणारा साचा, करायचा तर आधी कानाचं माप घ्यावं लागतं. कानाच्या नळीत स्पंजचा बारीक तुकडा ठेवायचा, त्यावर मऊ सिलिकॉन भरायचं आणि ते घट्ट होईपर्यंत थांबायचं. त्या काही मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर फक्त एक कान असतो. पाळीवरच्या रेघा, कानापुढची बारीक छिद्रं, कानाशेजारी आलेले मांसाचे कोंब, असं सगळं तेव्हा दिसतं.

आणि त्याच वेळात प्रश्न येतात. अलीकडे सगळ्यांत जास्त येतो तो पाळीवरच्या तिरक्या रेघेचा. "मॅडम, ही रेघ असली की हार्ट अटॅक येतो म्हणतात, खरं का?" कुणीतरी व्हिडिओ पाठवलेला असतो. विचारणारे काका साठीच्या पुढचे असतात. हसत हसत विचारतात, पण उत्तर येईपर्यंत नजर माझ्या चेहऱ्यावरून हलत नाही. मला हा प्रश्न कधीच फालतू वाटला नाही. अंगावरच्या एखाद्या किरकोळ खुणेवरून आतल्या आजाराचा अंदाज येतो का? काही खुणांवरून खरंच येतो. काहींवरून अजिबात येत नाही. आणि बऱ्याच खुणा अशा असतात की त्या सांगतात थोडंसं आणि माणसं घाबरतात खूप. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

रेघेपासूनच सुरुवात करते. १९७३ साली सँडर्स फ्रँक या अमेरिकन डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात छोटंसं पत्र लिहिलं. अंजायनाचा, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचा, त्रास असलेल्या २० रुग्णांच्या पाळीवर त्यांना तिरकी रेघ दिसली होती, कानाच्या भोकाजवळून निघून पाळीच्या मागच्या कडेकडे जाणारी. तेव्हापासून तिला 'फ्रँक साइन' म्हणतात. रोमन सम्राट हेड्रियन इसवी सन १३८ मध्ये वारला, त्याच्या पुतळ्यांच्या पाळ्यांवरही ही रेघ कोरलेली दिसते. शेवटच्या काळात त्याला सूज आणि धाप होती असं इतिहासात लिहिलेलं असल्यामुळे त्यालाही हृदयविकार असावा, असा तर्क डॉक्टरांनी केला आहे. ही हकीकत व्हिडिओवाल्यांना फार आवडते. पण एका सम्राटाच्या पुतळ्यावरून बाकीच्या माणसांबद्दल काही सिद्ध होत नाही.

खरी अडचण वयाची आहे. वय वाढतं तसे त्वचेतले लवचीक तंतू झिजतात आणि पाळीवर रेघ पडते. वय वाढतं तसा हृदयविकारही वाढतो. मग रेघ असलेल्यांत हृदयरोगी जास्त सापडले तर त्यात रेघेचा वाटा किती आणि वयाचा किती? या एका प्रश्नावर गेली पन्नास वर्षं अभ्यास होत आले आहेत. काहींत वय वजा केल्यावर संबंध पुसट होतो, काहींत टिकतो. मला त्यातला विश्वासार्ह वाटतो तो कोपनहेगनचा अभ्यास, कारण तो मोठा आहे आणि दीर्घ आहे. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या त्या पाहणीत १०,८८५ लोकांच्या अंगावरच्या म्हातारपणाच्या खुणा नोंदवल्या आणि पुढे सुमारे ३५ वर्षं कुणाला काय झालं ते पाहिलं. निष्कर्ष २०१४ साली आले. केस पांढरे होणं आणि चेहऱ्यावर सुरकुत्या येणं यांचा हृदयविकाराशी विशेष संबंध निघाला नाही. पुढून टक्कल, टाळूवरचं टक्कल, पाळीवरची रेघ आणि पापण्यांवरचे पिवळे चट्टे यांचा मात्र निघाला. या चारांपैकी तीन किंवा चार खुणा असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका ५७ टक्क्यांनी जास्त होता.

५७ टक्के हा आकडा ऐकून माणसं हादरतात, म्हणून तो जरा उलगडून सांगते. समजा एखाद्या वयाच्या, एकही खूण नसलेल्या १०० माणसांपैकी १० जणांना पुढे अटॅक येणार आहे. तर तीन-चार खुणा असलेल्या १०० जणांपैकी तो साधारण १६ जणांना येईल. उरलेल्या ८४ जणांच्या पाळीवर रेघ असेल, डोक्यावर टक्कल असेल, आणि अटॅक येणार नाही. शिवाय हे तीन-चार खुणा एकत्र असलेल्यांचं झालं. नुसती एक रेघ याहून पुष्कळ कमी सांगते.

मी काकांना काय सांगते? "काका, गेल्या वर्षभरात बीपी मोजलंय? साखर? कोलेस्टेरॉल?" बहुतेक वेळा यातलं निदान एक तरी राहिलेलं असतं. साठीच्या माणसाने या तिन्ही तपासण्या रेघ असो वा नसो करायच्याच असतात आणि त्यांतून कळतं ते रेघेपेक्षा कितीतरी जास्त असतं. व्हिडिओमुळे कुणी उठून बीपी मोजून आलं तर मला आनंदच आहे. पण बीपी न मोजता आरशात पाळी बघत बसणाऱ्यांची मला काळजी वाटते. आणि पाळी गुळगुळीत आहे म्हणून निर्धास्त झालेल्यांची त्याहून जास्त वाटते.

कुठलीही खूण दिसली की मी स्वतःला एकच विचारते: हिच्यामुळे मी आता पुढे नेमकं काय तपासणार? या प्रश्नाला ठोस उत्तर असेल तर ती खूण कामाची. उत्तर नसेल तर तिच्याबद्दल गप्प बसावं, निदान रुग्णासमोर तरी.

माझ्याकडे हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा लागतो तो तान्ह्या बाळांच्या बाबतीत. काही बाळांच्या कानाच्या पुढे, कानाचा वरचा भाग गालाला जिथे जोडलेला असतो तिथे, टाचणीने टोचल्यासारखं एक बारीक छिद्र असतं. एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना. पुष्कळदा ते आईला किंवा वडिलांनाही असतं आणि त्यांना आयुष्यात कधी त्याचं काही वाटलेलं नसतं. मग बाळ होतं, कुणीतरी ते छिद्र बघतं, मोबाइलवर शोधतं, आणि दुसऱ्या दिवशी आई माझ्यासमोर रडवेली बसलेली असते: "याची किडनी खराब आहे का हो?"

ही भीती हवेतून आलेली नाही, हे मी आधी सांगते. बाहेरचा कान गर्भात साधारण सहाव्या आठवड्यापासून घडायला लागतो. सहा छोटे उंचवटे तयार होतात आणि ते एकमेकांना जुळून कान होतो. दोन उंचवट्यांची जोड कुठे थोडी अपुरी राहिली की तिथे छिद्र राहतं. मूत्रपिंडाची घडणही त्याच सुमारास सुरू झालेली असते, आणि काही जनुकं दोन्हीकडे काम करतात. त्यातल्या ईवायए-१ या जनुकात बिघाड असेल तर ब्रँकिओ-ओटो-रीनल सिंड्रोम होऊ शकतो. त्यात कानापुढे छिद्रं, मानेच्या बाजूला छिद्र किंवा गाठ, ऐकण्यातला दोष आणि मूत्रपिंडातला दोष असं एकत्र येतं. म्हणजे संबंध आहे.

पण हा सिंड्रोम साधारण ४०,००० जणांत एकाला असतो. कानापुढचं छिद्र मात्र हजारातल्या काही मुलांना असतंच, आशिया आणि आफ्रिकेच्या काही भागांत तर त्याहून कितीतरी जास्त जणांना असतं. एक लाख बाळं समोर धरली तर सिंड्रोम असलेली दोन-तीन, आणि छिद्र असलेली काही शे. छिद्रवाल्या शेकडो आयांना किडनीच्या भीतीने घालवलेली ती रात्र कुणी भरून देत नाही. त्यामुळे आजची रीत अशी: नुसतं छिद्र असेल, बाळ बाकी सगळ्या बाबतींत नीट असेल, घरात कुणाला लहानपणापासून बहिरेपण किंवा किडनीचा आजार नसेल, तर किडनीच्या सोनोग्राफीची गरज नाही. मानेवर छिद्र असेल, कानाचा आकारच वेगळा असेल, किंवा आत्या-मामांपैकी कुणी जन्मापासून कमी ऐकत असेल, तर सोनोग्राफी करावी.

ऐकण्याची तपासणी मात्र व्हायलाच हवी. अशा बाळांमध्ये कायमच्या कमी ऐकण्याचं प्रमाण इतरांहून थोडं जास्त आढळतं. तपासणी अगदी सोपी आहे. बाळ झोपलेलं असताना कानात छोटा प्रोब ठेवून ओएई करायची, म्हणजे आवाजाला अंतर्कर्ण प्रतिसाद देतो का ते बघायचं, आणि त्यात शंका आली तर डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून बेरा, म्हणजे आवाजाचा संदेश मेंदूकडे पोहोचतो का याची तपासणी. काही टोचायचं नाही, काही पाजायचं नाही. खरं म्हणजे ही तपासणी छिद्र असो वा नसो प्रत्येकच बाळाची व्हायला हवी, कारण जन्मतः कमी ऐकणारी बाळं हजारात एक ते तीन असतात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर कुठलीच खूण नसते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराची सुरुवात, असा आमच्या क्षेत्रातला दंडक आहे. छिद्राच्या निमित्ताने एखादं बाळ पहिल्या महिन्यात आमच्याकडे येतं, तेव्हा त्या छिद्राचा उपयोग झाला असं मी म्हणते. छिद्राला स्वतःला काही करायचं नसतं. दाबून घाण काढायची नाही, काडी घालायची नाही. लाल झालं, सुजलं, पू आला तर डॉक्टरांकडे जायचं.

याच जातीचा दुसरा प्रश्न तळहाताचा. बहुतेकांच्या तळव्यावर वरच्या भागात दोन आडव्या रेघा असतात, काहींना त्याऐवजी एकच सलग रेघ असते. ही रेघ डाऊन सिंड्रोममध्ये बरीच आढळते, साधारण निम्म्या मुलांत. एवढंच वाक्य वाचून कुणी आपल्या बाळाचा हात उघडून पाहिला तर काय होईल, याचा विचार लिहिणाऱ्याने करायला हवा. उलटा हिशोब मांडून बघा. डाऊन सिंड्रोम साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला असतो, म्हणजे लाखात सुमारे १४०. त्यांतल्या निम्म्यांना, म्हणजे ७० बाळांना, एकच रेघ. उरलेल्या जवळपास लाखभर बाळांतही १०० मागे निदान दोघांना ती असते, म्हणजे सुमारे २,०००. तेव्हा एकच रेघ असलेली ३० बाळं घेतली तर त्यांत डाऊन सिंड्रोमचं साधारण एक, आणि २९ जणांना तो नाही. ज्या एकाला आहे, त्याचं निदान रेघेवरून होतच नाही. त्याचे स्नायू सैल असतात, डोळ्यांची ठेवण वेगळी असते, पायाच्या अंगठ्याशेजारी फट असते. बालरोगतज्ज्ञांना ते बाळ हातात घेताच जाणवतं. तिथे रेघ फक्त इतर खुणांच्या सोबतीला असते.

सोबत किती महत्त्वाची असते, याची मोजणीही झालेली आहे. १९६४ साली अमेरिकेत मार्डेन, स्मिथ आणि मॅक्डोनल्ड यांनी चार हजारांहून जास्त नवजात बाळं तपासली. एखादीच किरकोळ खूण असलेल्या बाळांत मोठा जन्मजात दोष क्वचितच सापडला. तीन किंवा जास्त खुणा असलेल्यांत मात्र तो ९० टक्क्यांत निघाला. हा आकडा बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिला. मग १९८७ साली तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या पाहणीत तीन खुणांमागचं तेच प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आलं. २० टक्केसुद्धा कमी नाही, अशा बाळाला नीट तपासायलाच हवं. पण ९० टक्के सांगून एखाद्या बापाच्या पायाखालची जमीन सरकवणं आणि २० टक्के सांगून तपासणीला पाठवणं, यांत फार अंतर आहे. म्हणून खुणांबद्दलचा कुठलाही एकच आकडा मी जपून वापरते.

आता ज्या खुणांकडे दुर्लक्ष करू नये असं मला मनापासून वाटतं, त्यांच्याकडे येते.

लहान मुलाच्या फोटोत फ्लॅशमुळे एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा किंवा पिवळट चमकत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जा. पुढच्या महिन्यात नाही, या आठवड्यात. कधी कधी ती चमक फोटोच्या कोनामुळे येते. कधी मोतीबिंदू निघतो, ज्यावर वेळेत उपचार झाले तर दृष्टी वाचते. आणि कधी रेटिनोब्लास्टोमा निघतो, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलाला हा कर्करोग झाला आणि त्याचा एक डोळा काढावा लागला. नंतर शॉ यांनी जुने फोटो चाळले, तर निदानाच्या कितीतरी आधीच्या, अगदी तान्हेपणीच्या फोटोंत ती पांढरी चमक होती. मग त्यांनी सहकाऱ्यांबरोबर फोटोंमधली अशी चमक शोधणारं मोबाइल अॅप बनवलं. २०१९ साली त्यांनी डोळ्यांचे आजार निघालेल्या २० मुलांचे जुने फोटो त्यातून तपासले, तेव्हा १६ जणांच्या फोटोंत निदानाआधीच ती चमक सापडली, सरासरी सव्वा वर्षाहूनही आधी. आई-बाबा मुलांचे रोज ढीगभर फोटो काढतात. त्यातला एखादा याही नजरेने बघितला तर काही बिघडत नाही.

दुसरी खूण मानेवरची. मानेच्या मागे, काखेत त्वचा काळपट, जाडसर, मखमली होते. याला अकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं, आणि ते जास्तीचं इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं. हे लिहिताना मला राग येतो, कारण या मुला-मुलींना मी भेटते. कान तपासायला केस बाजूला करायला सांगितलं की मुलगी मान आक्रसून घेते आणि शेजारून आई म्हणते, "कितीदा सांगितलं, मान घासून आंघोळ करत जा." तो मळ नाही. घासून तो जात नाही, उलट त्वचा आणखी जाड होते. त्या मुलीला घासणी नको आहे, तिला रक्तातली साखर तपासायला हवी आहे, वजन-उंची नीट मोजायला हवी आहे, आणि घरातल्या कुणी तिला अस्वच्छ म्हणणं आजच्या आज थांबवायला हवं आहे. मी हे आईला बाजूला घेऊन सांगते, मुलीसमोर नाही. वजन आणि इन्सुलिन उतरलं की तो काळपटपणा पुष्कळदा आपोआप फिका होतो. एखाद्या उतारवयातल्या माणसाला हे अचानक आलं आणि वजनही घटत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पोटाच्या कर्करोगाचीही शक्यता तपासावी लागते.

बोटांच्या टोकांना सूज येऊन नखं फुगीर, बाकदार होणं, म्हणजे क्लबिंग, हीसुद्धा गंभीरपणे घ्यायची खूण. ती हिप्पोक्रेटिसच्या काळापासून वैद्यांना ठाऊक आहे. घरी बघायची रीत दक्षिण आफ्रिकेचे हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी १९७६ साली सांगितली, तीही स्वतःच्या बोटांवरून. त्यांना हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग झाला होता, आजार वाढला तशी नखं बदलली आणि बरा झाला तशी पुन्हा सरळ झाली, हे त्यांनी स्वतः टिपलं. दोन्ही हातांची एकाच बोटाची नखं पाठीला पाठ लावून धरायची. नखांच्या मुळाशी मध्ये छोटीशी चौकोनी फट दिसते. ती दिसेनाशी झाली असेल तर छातीचा एक्स-रे आणि हृदयाची तपासणी हवी. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसातला जुना संसर्ग, जन्मजात हृदयदोष, यकृताचा किंवा आतड्याचा आजार, यांपैकी काहीही निघू शकतं. जन्मापासून घरातल्या सगळ्यांचीच बोटं तशी असतील तर बहुधा काही नसतं. नखांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांचं मात्र काही मनावर घेऊ नका. ते कॅल्शियमच्या कमतरतेमुळे येत नाहीत, नखाच्या मुळाला कधीतरी लागलेल्या बारीकशा माराचे ते असतात.

शॅमरॉथ यांच्या बोटांतून मला आणखी एक गोष्ट घ्यावीशी वाटते. त्यांची नखं बदलली, म्हणून ती बोलकी ठरली. जन्मापासून असलेली खूण आणि नवी आलेली खूण यांचं वजन सारखं नसतं. डोळ्यांतल्या दोन बाहुल्या लहान-मोठ्या असणं साधारण पाचातल्या एका निरोगी माणसात सापडतं. पण तसं दिसलं की मेंदूचे डॉक्टर जुने फोटो मागतात. दहा वर्षांपूर्वीच्या फोटोतही तसंच असेल तर काळजी मिटते. नसेल, आणि त्याच बाजूची पापणीही उतरली असेल, तर मानेपासून छातीपर्यंत शोध घ्यावा लागतो. तीळही असाच. लहानपणापासूनचा एकसारखा तीळ बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. वाढणारा, कडा बिघडलेला, रंग बदललेला तीळ दाखवायलाच हवा. नखाखाली नव्याने आलेली, रुंद होत जाणारी काळी रेघसुद्धा. सावळ्या माणसांत अशा रेघा निरोगी नखांतही सर्रास असतात, म्हणून ती कधीपासून आहे हा प्रश्न पहिला विचारायचा.

सोबतीचा नियम आणि पुढच्या तपासणीचा नियम दोन्ही एकत्र पटवणारं एक नाव म्हणजे फ्लो हायमन. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू, सहा फूट पाच इंच उंच, १९८४ च्या ऑलिंपिकमधल्या रौप्यपदक विजेत्या संघातली. जानेवारी १९८६ मध्ये जपानमधल्या एका सामन्यात ती बाकावर येऊन बसली आणि कोसळली. वय ३१. शवविच्छेदनात कळलं की तिला मार्फान सिंड्रोम होता, म्हणजे शरीराला आधार देणाऱ्या ऊतींचा जन्मजात दोष, आणि हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, महाधमनी, फाटली होती. उंची, लांब हात, लांब बोटं सगळ्यांना दिसत होती, पण खेळाडूत ती गुणच मानली जातात. तिच्या मृत्यूनंतर भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच आजार निघाला आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली. प्रत्येक उंच, सडपातळ माणसाला मार्फान नसतो, तो साधारण ५,००० जणांत एकाला असतो. पण हात पसरल्यावरची लांबी उंचीपेक्षा बरीच जास्त आहे, छातीचं हाड आत गेलेलं किंवा बाहेर आलेलं आहे, डोळ्यातलं भिंग सरकलेलं आहे, आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं आहे, अशा गोष्टी एकाच माणसात जमत असतील तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून महाधमनीचं माप घ्यायलाच हवं. फुगायला लागलेली महाधमनी औषधांनी सांभाळता येते आणि फाटायच्या आधी दुरुस्तही करता येते.

माझ्या स्वतःच्या कामातली अशी एक खूण आहे, जिच्याबद्दल बाहेर फारसं कुणी बोलत नाही. ती म्हणजे कपाळावरची जन्मजात पांढरी बट. माझ्याकडे एक जोडपं आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन आलं होतं. हाक मारली तरी ती वळत नव्हती. वडिलांच्या दाट काळ्या केसांत कपाळाच्या मधोमध पांढरीशुभ्र बट होती. मी विचारलं तेव्हा ते अभिमानाने म्हणाले, "ही आमच्या घराण्याची आहे. माझ्या वडिलांनाही होती." मग मी विचारलं की घरात कुणी जन्मापासून ऐकत नाही असं आहे का. ते थोडा वेळ थांबले. त्यांची थोरली आत्या. तिला लहानपणी ताप आला होता म्हणून कान गेले, असं घरात सांगत असत.

पांढरी बट, खूप फिके निळे किंवा दोन वेगवेगळ्या रंगांचे डोळे, आणि जन्मजात बहिरेपण, हे एकत्र येण्याला वार्डेनबर्ग सिंड्रोम म्हणतात. डच नेत्रतज्ज्ञ पेट्रुस वार्डेनबर्ग यांनी १९५१ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. केसांना आणि डोळ्यांना रंग देणाऱ्या पेशी अंतर्कर्णातही असतात आणि तिथलं काम चालायला त्या लागतातच. गर्भात त्या पेशी आपल्या जागी पोहोचल्या नाहीत तर केसांत रंग राहत नाही, आणि कानात त्या नसतील तर ऐकू येत नाही. हा दोष बहुतेक वेळा आई-वडिलांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. पण उतरला तरी सगळ्यांत सारखा दिसत नाही. कुणाला फक्त बट मिळते, कुणाला फक्त बहिरेपण, कुणाला दोन्ही.

त्या मुलीला बट नव्हती. बेरात दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं असं निघालं. जनुकीय तपासणीत निदान पक्कं झालं, मशीन लागलं, पुढे कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे शस्त्रक्रिया करून अंतर्कर्णात ऐकण्याचं यंत्र बसवलं, आणि आता ती भरपूर बोलते. वडिलांनी पहिल्याच भेटीनंतर घरी जाऊन एक यादी केली होती: कुणाला बट आहे, कुणाच्या डोळ्यांचा रंग वेगळा आहे, कुणाला बाळ होणार आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीला बट होती आणि ती तेव्हा गरोदर होती. तिचं बाळ तीन आठवड्यांचं असताना तिने ते आमच्याकडे आणलं. केस संपूर्ण काळे होते, तरी आम्ही ओएईवर न थांबता बेराही केली. दोन्ही कान व्यवस्थित होते. अहवाल हातात घेऊन ती म्हणाली, "दुसऱ्या वेळीही आणू ना?" मी म्हटलं, प्रत्येक वेळी आणा, आणि पहिल्याच महिन्यात आणा.